पेंडुरकरांची मुंबई

पेंडुरकरांबद्दल लिहिताना मी आदरार्थी बहुवचन वापरणार आहे. ती माझी सवय आहे, त्यांची कमाई नाही.

वाशीत आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये ते सात नंबरला राहत, मी चार नंबरला. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षं परचेस खात्यात काढली. यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही, आणि हे एकदा सोसायटीत कळलं की सगळ्या याद्या आपल्याच दारात येतात. टाकी धुण्याच्या पाळ्या, गणपतीच्या आरत्यांचे मान, आणि दर जानेवारीतला पेंडुरकरांचा 'मुंबई दिवस'. दिवस त्यांचा, यादी माझी. बस ठरवणं, पाणी, एपीएमसी मार्केटातून आदल्या दिवशी आणलेली केळी, उलटीच्या गोळ्या, कुणाला मधुमेह, कुणाचे गुडघे, संध्याकाळच्या कार्यक्रमाची तिकिटं, हे सगळं माझ्याकडे. त्यांच्याकडे लाउडस्पीकर. शाळेच्या सहलीत मास्तर गळ्यात अडकवतात तसला. तो ते घरून निघतानाच अडकवून येत.

कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगते. एक रविवार खाडी ओलांडून पलीकडे जायचं. सकाळी जुन्या मुंबईतलं खाणं, मग संग्रहालय, दुपारनंतर एखादी गाण्याची मैफल, आणि रात्रीच्या जेवणाला परत. आमच्यातली निम्मी माणसं पुलापलीकडे फक्त लग्नाला आणि हॉस्पिटलला जातात. त्यांच्यासाठी हे चांगलंच होतं. पेंडुरकर नसते तर फारच चांगलं झालं असतं.

"मी अस्सल मुंबईकर," ते बस सुरू झाली की सांगत. "वाशीत मी नुसता झोपायला असतो. हे काय शहर आहे? कागदावर आखलेलं ड्रॉइंग आहे हो, ड्रॉइंग."

या ड्रॉइंगमध्ये ते पस्तीस वर्षं राहत होते. अस्सल मुंबईत राहिले होते तीन वर्षं, लालबागला, मामेभावाच्या खोलीत, पाच जणांत सहावे. जन्म कणकवलीकडचा. जन्म कुठला यावर माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः कराडची आहे. पण मी कुणाला गिरगाव समजावून सांगत नाही.

पहिला मुक्काम गिरगावातल्या एका जुन्या हॉटेलात. साबुदाणा वडा, थालीपीठ, पीयूष. पेंडुरकरांचा नियम असा की सहा माणसांत एक प्लेट. "चव घ्यायची असते, पोट भरायचं नसतं. पोट काय, घरी पण भरतं." असं म्हणून वड्याचा पहिला अर्धा भाग ते स्वतः उचलत, कारण चव आहे की नाही हे आधी कुणीतरी पाहायला हवं. उरलेल्या अर्ध्यात पाच जण. पस्तीस माणसं हॉटेलात शिरून सहा प्लेट वडे मागवतात तेव्हा वेटरचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. दुसऱ्या वर्षापासून मी बसमध्ये उपम्याचा डबा ठेवायला लागले.

त्या वेटरलाही ते सोडत नसत. पांढऱ्या मिशांचा, शांत माणूस होता.

"मालकांना सांगा, वाशीचे पेंडुरकर आलेत."

"कोण?"

"पेंडुरकर."

"टेबल पाहिजे का?"

पेंडुरकर आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणत, "नवीन दिसतोय." सहा वर्षं तोच वेटर होता, आणि सहाही वर्षं तो नवीन होता.

पुढे हिंडताना ते दर वीस पावलांवर थांबत. इथे अमुक होतं, तिथे तमुक होतं. हे सगळं त्यांना कुठून माहीत, याचं मला सुरुवातीला थोडं कौतुकही वाटलं होतं. तिसऱ्या वर्षी सहलीच्या आदल्या संध्याकाळी मी यादी पक्की करायला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. पेंडुरकर जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले होते आणि सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, गॅसपाशी पाठमोऱ्या.

"त्या हॉटेलाच्या बाजूला काय होतं गं पूर्वी?"

"छापखाना. लग्नपत्रिकांचा."

"आणि कोपऱ्यावर?"

"कोपऱ्यावर तांबटाचं दुकान. आमचा बंब तिथलाच."

"बंब नको. दुकान पुरे."

दुसऱ्या दिवशी लाउडस्पीकरमधून आलं, "मंडळी, इथे माझ्या डोळ्यांदेखत लग्नपत्रिकांचा छापखाना होता." सुमनकाकू शेवटच्या ओळीत उभ्या होत्या. लग्नापर्यंतची बावीस वर्षं त्या समोरच्या चाळीत राहिल्या होत्या. त्यांनी पर्स उघडून मला बडीशेप दिली आणि त्या चाळीच्या जिन्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "वर जाऊन यायचंय का?" त्या म्हणाल्या, "नको. हे हाक मारतील." आणि लगेच हाक आलीच.

संग्रहालयात त्यांची वेगळी पद्धत होती. प्रत्येक वस्तूखाली पाटी असते. पेंडुरकर बरोबर पाटीसमोर उभे राहत, वस्तूकडे पाठ करून. त्यामुळे पाटी कुणालाच वाचता येत नसे आणि ते सांगतील ते ऐकावं लागे. बुद्धाला ते महावीर म्हणाले आहेत. एका पितळी दौतीला त्यांनी अत्तरदाणी ठरवलं आणि वर पेशव्यांना ते अत्तर लावूनही दाखवलं. लोक मान डोलवत. आमच्या सोसायटीतले लोक मान डोलवण्यात पटाईत आहेत. मीटिंगा करून करून ती सवय लागते.

फक्त एकदा त्यांना अडवणारं कुणी भेटलं. हिरामावशी. या खाडीकाठच्या मूळ गावातल्या. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. ते गेलं, त्या जागी वाशीचा नोड, म्हणजे ही वसाहत, उभा राहिला, आणि मावशी आता बी विंगमध्येच तीन नंबरला एकट्या राहतात. पाचव्या वर्षी त्या पहिल्यांदा आमच्याबरोबर आल्या. एका दालनात लांब दांड्याला लाकडी फळी ठोकलेलं एक अवजार टांगलं होतं. पेंडुरकर पाटी झाकून उभे राहिले.

"हे बघा. मळणी झाली की धान्य पसरायला हे वापरत. देशावर. आता कुठे बघायला मिळणार नाही."

"यो धान्याचा नाय," हिरामावशी म्हणाल्या. "यो मीठ ओढाचा हाय. आमचे घरान व्हता. माझे बापाचा."

"मावशी, तुमच्याकडचा वेगळा असेल. हा ऐतिहासिक आहे."

"मंग आमचा बाप काय उद्याचा व्हता?"

लोक हसले. पेंडुरकरही हसले, मोठ्या मनाने. मी मावशींना थोडं पुढे घेतलं आणि पेंडुरकरांना म्हटलं, काका, जरा बाजूला व्हा, फोटो काढते. ते फोटोसाठी नेहमी बाजूला होत, कारण मग ते फोटोत येत. पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं, मीठ ओढण्याचे लाकडी अवजार. मी ते मोठ्याने वाचलं. पेंडुरकरांनी वळून पाटी वाचली, सावकाश, दोनदा. मग लाउडस्पीकर तोंडाशी नेऊन म्हणाले, "पाटी चुकलेली आहे. मी त्यांना कळवतो."

आणि पुढच्या दालनात गेले. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी दांड्याकडे बोट दाखवून मला सांगितलं की हात कुठे धरायचा असतो. तेवढं एक त्या दिवशी मला नवीन कळलं.

गाण्याचं मात्र मला हसू येत नसे. खाण्यात आणि संग्रहालयात पेंडुरकर फक्त वेळ खात. गाण्यात ते गाणंच खात. त्यांना एकच राग माहीत होता, यमन. त्यामुळे मुंबईत जे काही गायलं जाई तो यमन असे. आणि हे ते मनात ठेवत नसत. शेजारी सुमनकाकू बसलेल्या. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन त्यांचं चालू असे, आता तान घेईल, आता बघ तबलेवाला काय करतो, हा यमन, हा कोमल. एकदा काकू हळूच म्हणाल्या, "मुलतानी आहे हो." ते म्हणाले, "तेच. यमनचाच प्रकार." काकू गिरगावात एका बाईंकडे सात वर्षं गाणं शिकल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पेंडुरकरांना ते लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

आणि दुसरं म्हणजे शेवट. पेंडुरकरांनी कधीही कुठल्याही मैफलीचा शेवट ऐकला नाही आणि कुणाला ऐकू दिला नाही. बरोबर सहा वाजता ते उभे राहत. गायक मध्यावर असो की समेवर. हात वर करून बोटं हलवायची, की आमची पस्तीस माणसं गुडघे, पिशव्या, शाली सावरत उठणार. लोक मागून श्श म्हणत. मी सहा वर्षं मान खाली घालून त्या दारातून बाहेर पडले आहे. कारण काय, तर पुलावर ट्रॅफिक लागतं. रविवारी संध्याकाळी वाशीकडे येताना ट्रॅफिक लागतं हे खरं आहे. पण सहाला निघा नाहीतर आठला निघा, लागायचं तेवढं लागतंच. मी दोन वर्षं वेळा लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांना दाखवल्याही होत्या. ते म्हणाले, "साळवी मॅडम, मुंबईचं ट्रॅफिक कागदावर नाही कळत."

सहाव्या सहलीआधीच्या डिसेंबरात एका दुपारी सुमनकाकू माझ्याकडे आल्या. हातात एक घडी केलेला कागद. कानाच्या डॉक्टरांचा आलेख होता. मी असे कागद वाचू शकते असं सोसायटीत सगळ्यांना वाटतं. हा वाचायला फार हुशारी लागत नव्हती. उजव्या कानाची रेघ पार तळाला गेली होती. डाव्याची उतरत होती.

"उजव्याचं वर्षापूर्वीच संपलं," त्या म्हणाल्या. "डावाही जातोय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षापर्यंत मशीनवरच यावं लागेल. मशीननं बोललेलं कळतं. पण गाणं म्हणे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं येतं."

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, मळ असेल."

म्हणजे गेल्या जानेवारीत पेंडुरकर मेलेल्या कानात गाणं समजावून सांगत होते. हे मला तेव्हा लक्षात आलं आणि हसू आलं. काकूंनाही आलं. मग त्यांनी विचारलं की जानेवारीत गाणं कुणाचं आहे. मी नाव सांगितलं. एक सत्तरी ओलांडलेल्या गायिका होत्या, आता फार कमी गातात. काकूंनी कागदाची घडी घातली.

"तरुणपणी ऐकलंय मी त्यांना. आमच्या बाईंकडे यायच्या." मग म्हणाल्या, "मला एकदा शेवटपर्यंत बसायचंय. पुढे. एकटीनं. एवढंच."

"काकांना विचारून बघितलं?"

"विचारलं ना. म्हणाले, पस्तीस माणसांचा प्रश्न आहे, तुझ्या एकटीच्या हौसेसाठी सगळ्यांना पुलावर अडकवू का?"

मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, की यंदा कार्यक्रम संपल्यावर निघू. पेंडुरकर हसले. "साळवी मॅडम, शेवटी भैरवी असते. भैरवी म्हणजे काय, लोकांना उठवायला गातात." सगळ्यांनी मान डोलवली. ठराव मंजूर झाला, सहा वाजता निघायचं. मी तो मिनिट्समध्ये लिहिला.

मग मी तिकिटं काढली. चौतीस मागची, एकत्र. एक दुसऱ्या रांगेतलं, उजव्या टोकाचं. उजवं टोक अशासाठी की तिथे बसलं की डावा कान मंचाकडे येतो. पेंडुरकरांना सांगितलं की एकत्र पस्तीस मिळाली नाहीत, काकूंना जरा पुढे बसावं लागेल. ते म्हणाले, "चालेल, मी सावंतांना घेऊन बसतो. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, त्यांना सांगायला बरं." सावंत पाच नंबरचे, आणि खरंच त्यांना काही कळत नाही, पण बिचाऱ्यांनी असं काय केलं होतं हे मला आजही कळलेलं नाही.

आता आमच्या मोजणीबद्दल सांगायला हवं. पहिल्या वर्षी मी बसमध्ये एकेक नाव घेऊन हजेरी घेतली होती. नवऱ्यांना ते आवडलं नाही, बायकांना लाज वाटली, आणि वेळही गेला. मग फ्लॅट नंबरवर आलो. मी म्हणायचं, बी-पाच? सावंत म्हणणार, दोन. बी-नऊ? चार. नंबर पुकारायचा, घरच्या पुरुषाने आकडा सांगायचा, मी खूण करायची. एकट्या बायका स्वतःचं सांगत. पद्धत माझीच, आणि ती चुकीची होती, हे इथे लिहून ठेवते. आकडा सांगणारा मागे वळून बघेलच असं नाही. पेंडुरकर तर कधीच बघत नसत. ते ड्रायव्हरशेजारी बसत, काकू सगळ्यात मागे हिरामावशींजवळ. "बी-सात?" "दोन." पाच वर्षं, दिवसातून पाच-सहा वेळा, दोन.

त्या दिवशी गाणं साडेतीनला सुरू झालं. काकू त्यांच्या खुर्चीवर बसल्या, शाल नीट केली आणि मग एकदाही मागे बघितलं नाही. मागून मला त्यांची फक्त वेणी आणि डावा कान दिसत होता. गायिकाबाईंचा आवाज आता बारीक झाला होता, पण त्या घाई करत नव्हत्या. मला रागातलं कळत नाही. मागच्या रांगेत सावंतांना मात्र कळलं की हा यमन आहे.

सहा वाजता पेंडुरकर उठले. बोटं हलवली. आम्ही चौतीस जण उठलो. श्श झालं. मंचावरून गायिकाबाईंनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या रांगेतल्या उजव्या खुर्चीत काही हललं नाही.

बसमध्ये मी यादी काढली. बी-दोन, बी-तीन. "एक हाय," हिरामावशी म्हणाल्या. बी-चार मी. बी-पाच, दोन. मग मी म्हटलं, "बी-सात?"

"दोन, दोन. चला हो ड्रायव्हर, पुलावर अडकू."

लाउडस्पीकर आधीच चालू झाला होता. माझं पेन कागदावर होतं. मी मागे बघितलं. हिरामावशींच्या शेजारची खिडकीची सीट रिकामी होती. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आनी ती?"

"येतील त्यांच्या त्या," मी म्हटलं.

मावशींनी आपली पिशवी उचलून रिकाम्या सीटवर ठेवली. "मंग बरा," म्हणाल्या. मी खूण केली.

गिरगावात बावीस वर्षं राहिलेली, हातीपायी धड बाई रविवारी संध्याकाळी वाशीपर्यंत एकटी येऊ शकते. सकाळीच मी त्यांचा फोन पूर्ण चार्ज आहे ना, त्यात माझा नंबर सगळ्यात वर आहे ना, हे बघून घेतलं होतं. तरी पूल येईपर्यंत मी फोन हातातच धरून होते. त्याला इलाज नव्हता.

चेंबूरपर्यंत पेंडुरकर लाउडस्पीकरवरून आम्हाला गाणं समजावत होते, जे आम्ही आत्ताच ऐकलं होतं. मानखुर्दला ते म्हणाले, "अशीच एक मैफल आम्ही दोघांनी लग्नाच्या वर्षी ऐकली होती. काय गं, आठवतं ना?" एव्हाना मागच्या चार-पाच रांगांना काकू बसमध्ये नाहीत हे कळलं होतं. पेंडुरकर अर्धा क्षण थांबले आणि म्हणाले, "आठवतं तिला." आणि पुढे गेले. मीटिंगमध्ये मान डोलवणारी हीच माणसं, पण त्या दिवशी त्यांनी तोंडं घट्ट मिटली. त्याबद्दल मी त्यांना बरेच जुने ठराव माफ केले.

गेटपाशी सगळे उतरले. आभार मानून पेंडुरकर वर गेले. दहा मिनिटांत खाली आले. मी केळ्यांच्या साली पिशवीत भरत होते.

"हिच्याकडे किल्ली आहे. ही कुठे गेली?"

"कोण?"

"अहो, ही."

मी यादी काढून दाखवली. "बी-सात, दोन. तुम्हीच म्हणालात."

त्यांनी खुणेवर बोट ठेवलं. "मग एक कुठे आहे?"

"हॉलमध्ये असतील. कार्यक्रम चालू होता ना."

त्यांनी फोन लावला. बंद. मैफलीत फोन बंद ठेवतातच. पुन्हा लावला. मग गेटबाहेर जाऊन रस्त्याकडे बघून आले. त्या वेळी मला त्यांची दया येणारच होती, तेवढ्यात ते म्हणाले, "लोकांना काय सांगू मी? मी मुंबई दाखवायला नेतो आणि माझीच बायको हरवते?"

"हरवल्या नाहीत," मी म्हटलं. "त्यांना तिथलं सगळं माहीत आहे. तुम्हालाही त्यांनीच सांगितलंय."

त्यांना काय कळलं मला माहीत नाही. मग ते वर जाऊन स्वतःच्या बंद दारासमोर पायरीवर बसले, लाउडस्पीकर गळ्यात तसाच.

काकू साडेआठला आल्या. जिना चढताना त्यांच्या चेहऱ्यावर दमणूक होती, बाकी काही विशेष नाही. पेंडुरकर उठले. "काय हे? कुठे होतीस? मी किती वेळ बाहेर बसलोय." काकूंनी पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि त्यांना आधी आत जाऊ दिलं.

मार्चमध्ये ते दोघं मुलाकडे पनवेलला राहायला गेले. त्याआधी मी पेंडुरकरांना शेवटचं नीट पाहिलं ते फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, सोसायटीच्या बागेत. बाकावर ते मधोमध, समोर सावंत आणि दोघं-तिघं. काकू बाजूच्या बाकावर मटार सोलत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि एक शेंग घेतली.

"मीच ठेवलं तिला तिथे," पेंडुरकर सांगत होते. "म्हटलं, एकदा पूर्ण ऐक. आपण काय, नेहमीच ऐकतो. आणि काय भैरवी झाली म्हणता. पंधरा मिनिटं. कुठे एक सूर हलला नाही. बाईंचं वय बघा आणि गळा बघा. निर्दोष."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी बोटाने दाणे भांड्यात ढकलले.

"भैरवी नाहीच गायल्या," त्या मला हळूच म्हणाल्या. "वेळ संपली होती. आमच्या बाईंची एक जुनी चीज गायल्या. छोटीशी. वरच्या सुराला आवाज फाटला त्यांचा. थांबल्या, हसल्या, पाणी प्यायल्या, आणि परत खालून घेतली. दुसऱ्या वेळी लागला."

"सगळं ऐकू आलं?"

"फाटला ते आलं. लागला तेही आलं." त्यांनी पुढची शेंग मोडली. "आता नाही येणार. पण ते आलं."

"काकांना का नाही सांगितलंत, भैरवी नव्हती म्हणून?"

"त्यांनी विचारलं कुठे?"

समोर पेंडुरकरांनी उजवा हात हवेत उचलला होता, डोळे मिटले होते, आणि भैरवी हळूहळू खाली आणत होते. त्यांनी ती समेवर आणून छान संपवली. सावंतांनी मान डोलवली.